पहिला टाइप कोणता : ७३७ की ए३२०?

परीक्षा सुटल्या, विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचा बी-१ श्रेणीचा परवाना हातात पडला, की आम्हा इंजिनिअरांपुढे प्रश्न एकच उरतो : टाइप कोर्स, म्हणजे एका विशिष्ट जातीच्या विमानाचा कोर्स, कोणता करावा, बोइंगच्या ७३७चा की एअरबसच्या ए३२०चा? कोर्सची फी बहुतेक घरांत कर्ज काढूनच भरली जाते, आणि परवान्यावर एकदा नोंद झाली की पुढची दहा-बारा वर्षे माणूस त्याच विमानाच्या पोटाखाली काढतो. मी आधी ७३७ केले, तेव्हाची माझी कंपनी बंद पडल्यावर ए३२० केले, आणि दोन्हींच्या टेक लॉगवर (विमानातल्या दोष-दुरुस्तीच्या नोंदवहीवर) सह्या केल्या. त्यामुळे इथे जे लिहितो आहे ते लाइनवरचे, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या देखभालीतले, मुंबईच्या बेवर (विमान उभे करायच्या जागी) रात्रपाळीत जमलेले मत आहे. हँगरात सी-चेक, म्हणजे मोठी तपासणी, करणाऱ्याला ते पटेलच असे नाही.

बाजाराची गोष्ट आधी उरकतो. २०१८च्या मार्चमध्ये रेंटनच्या कारखान्यातून दहा हजारावे ७३७ बाहेर पडले, तेव्हा हा आकडा कोणी गाठील असे आमच्या पाळीत कोणालाही वाटत नव्हते. पुढच्याच वर्षी, २०१९च्या ऑक्टोबरमध्ये, एकूण मागणीत ए३२० कुटुंब पुढे गेले, आणि त्यात इंडिगोने त्या महिन्यात एकदम नोंदवलेल्या ३०० विमानांचा वाटा मोठा होता. प्रत्यक्ष सुपूर्द केलेल्या विमानांतही ए३२०ने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये ७३७ला मागे टाकले. ७३७चे पहिले उड्डाण १९६७चे, ए३२०चे १९८७चे. म्हणजे वीस वर्षे उशिरा निघालेल्याने ही शर्यत जिंकली. २०२४ या एका वर्षात एअरबसने या कुटुंबातली ६०२ विमाने दिली, तर बोइंगने ७३७ची २६५.

आपल्याकडे हे चित्र आणखी एकतर्फी दिसते. इंडिगोने २००५ साली शंभर ए३२० मागवली होती, २०२३ साली एका सहीत पाचशे मागवली. एअर इंडियाच्या २०२३च्या मागणीत मात्र २१० ए३२० कुटुंबाची आणि १९० ७३७ मॅक्स, म्हणजे ७३७च्या नव्या पिढीची, आहेत, आणि अकासाचा तर सगळाच ताफा मॅक्सचा. तेव्हा ७३७चे दिवस भरले असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण पहिल्या टाइपला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष विमानावर काम करत घ्यायचे प्रशिक्षण, लागते, आणि ओजेटीसाठी ते विमान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच दारात उभे राहावे लागते, हे कोर्स विकणारे फारसे सांगत नाहीत. आज अशी दारे ए३२०ची अधिक आहेत.

तरीही माझा निर्णय या आकड्यांनी झाला नाही, तो कमरेने केला.

७३७चे पोट जमिनीला इतके जवळ का, याचे उत्तर साठच्या दशकात आहे. लहान गावांच्या विमानतळांवर यंत्रे नसत. सामान हातांनी चढवता यावे आणि प्रवासी विमानाच्याच शिडीने उतरावेत, म्हणून पाय आखूड ठेवले. त्या काळची इंजिने सडपातळ होती, पंखाखाली सहज मावत. पुढे इंजिने जाड होत गेली, तेव्हा त्यांचा तोंडाचा भाग खालून चपटा करावा लागला, आणि मॅक्सच्या वेळी नाकाचा पाय आठ इंच लांब करून इंजिन पुढे आणि वर सरकवावे लागले. एवढे करूनही मॅक्सच्या लीप-१बी इंजिनाचा पंखा ६९ इंचांवर थांबला. ए३२०ला उंच पायांमुळे त्याच घराण्यातला ७८ इंचांचा लीप-१ए आरामात लावता आला. इंजिन पुढे सरकल्याने नाक उचलले जाण्याची जी प्रवृत्ती आली, तिच्यावर उतारा म्हणून एमकॅस ही नाक आपोआप खाली करणारी प्रणाली आली, ती एकाच सेन्सरवर विसंबली, आणि २०१८-१९मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. विक्रीच्या शर्यतीत बोइंग कुठे अडखळले हे सांगताना लोक बहुधा इथून सुरुवात करतात. मी ती आखूड पायांपासून करतो.

माझ्यापुरते सांगायचे तर जुलैतली एक रात्र पुरे आहे. विमान उशिरा आले होते, पुढचे उड्डाण पस्तीस मिनिटांवर होते, आणि पायलटने अँटिस्किडचा (ब्रेक लावताना चाके घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागल्याची नोंद लिहिली होती. ७३७ एनजीवर, म्हणजे मॅक्सच्या आधीच्या पिढीवर, अँटिस्किडची चाचणी घ्यायची तर त्याच्या नियंत्रक डब्याच्या तोंडावरचीच बटणे दाबावी लागतात, आणि तो डबा असतो नाकाच्या चाकामागच्या झडपेतून वर गेल्यावर लागणाऱ्या कोठडीत. बेवर घोटाभर पाणी साचलेले. वाकून झडप आत ढकलायची, रेनकोटासकट त्या भोकातून उभे राहायचे, दातांत टॉर्च धरून आकडे वाचायचे, खाली येऊन पुस्तक बघायचे आणि पुन्हा वर जायचे. मी तीनदा आत-बाहेर केले, तिसऱ्यांदा कमरेत उसण भरली ती चार दिवस उतरली नाही. केबिन प्रेशरचे डबेही त्याच कोठडीत. अशा रात्री मोजून ठेवलेल्या नाहीत, पण पावसाळ्यात आठवड्याला एखादी तरी हमखास येई.

ए३२०वर त्याच तक्रारीसाठी मी कॉकपिटमध्ये बसतो, छापून आलेला उड्डाणानंतरचा अहवाल वाचतो, एमसीडीयू या पडदा-बटणांच्या पाटीवरून ब्रेकच्या संगणकाची चाचणी लावतो आणि कोणता भाग संशयित आहे ते कळल्यावरच खाली उतरतो. डबा बदलायचा झाला तर वाकणे टळत नाही, पण नुसते विचारण्यासाठी वाकावे लागत नाही. मॅक्सवर बोइंगनेही दोष कॉकपिटच्या पडद्यावर वाचायची सोय दिली आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पोट मात्र जवळपास तिथेच आहे.

एअरबसही साधुपुरुष नाही. तिच्या फॅन काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या उघडत्या झाकणांच्या, कड्या इंजिनाच्या अगदी तळाशी असतात, आणि त्या खरोखर बसल्या आहेत की नाही हे उभ्याने कळत नाही. २०१३ साली लंडनहून उडालेल्या एका ए३१९ची (ए३२०चेच आखूड भावंड) दोन्ही इंजिनांची काउल हवेतच उडून गेली होती, कारण कड्या लागलेल्या नव्हत्या. म्हणून मी आजही काउल उघडले असेल तर जमिनीवर आडवा होऊन प्रत्येक कडीवर बोट फिरवतो. तेल भरायला छोटा स्टँड लागतो, आणि तो नेमका हवा तेव्हा दुसऱ्या बेवर असतो. ७३७चे तेल जमिनीवर उभे राहून भरता येई, त्याची आठवण मला दर वेळी होते.

शिकण्याच्या दृष्टीने ७३७चे पारडे जड आहे, हेही मान्य करतो. केबल, कप्प्या, रिगिंग हे सगळे हाताला लागते. कुठला दोष कुठून आला हे माणसाला स्वतः शोधावे लागते, कारण सांगणारे कोणी नसते. आमच्यातले उत्तम शोधक सगळे ७३७वर घडलेले आहेत. ज्याला हँगरातच राहायचे आहे आणि ज्याची पाठ अजून तिशीच्या आत आहे, त्याने ७३७ घेतले तर मी त्याला अडवणार नाही.

मात्र नोंद विमानाची आणि इंजिनाची मिळून होते, हे विसरू नये. ७३७मध्ये एनजी आणि मॅक्स अशा दोनच प्रचलित जोड्या आहेत. ए३२०मध्ये सीएफएम ५६, व्ही२५००, लीप आणि प्रॅट अँड व्हिटनीचे गिअरवाले इंजिन अशा चार आहेत, आणि चुकीची जोडी घेतली तर कंपनी फरकाचा कोर्स पुन्हा करायला लावते. प्रॅटच्या इंजिनांतल्या धातूच्या भुकटीचा दोष २०२३ साली उघड झाल्यापासून जगभर शेकडो निओ (ए३२० कुटुंबाची नवी पिढी) तपासणीसाठी जमिनीवर आली. त्या इंजिनावर काम भरपूर मिळते, पण त्यातले बरेचसे इंजिन काढण्या-घालण्याचेच असते. मला आज पहिला टाइप निवडायचा असता तर मी लीपवाला ए३२० निवडला असता. ७३७ची नोंद मी अजून परवान्यावर जिवंत ठेवली आहे. गुडघ्याखाली घालायचा त्या काळचा स्पंजचा तुकडाही टूलबॉक्समध्ये आहे, फक्त आता तो काउलच्या कड्या बघताना डोक्याखाली जातो.