समुद्री शेवाळाची पट्टी: अण्णांच्या पायावर तीन महिने

जानेवारीत तूर काढून झाली आणि रानात फिरताना अण्णांच्या तळपायात धसकट घुसलं. बावीस वर्षांची शुगर, पाय बधिर, त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी आईला चपलेत ओल दिसली. परभणीच्या सर्जननी सडलेला भाग काढला तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढा खड्डा पडला होता.

पहिला महिना साधा गॉज. सकाळी बांधलेली पट्टी दुपारपर्यंत ओलीचिंब व्हायची, आणि काढताना नवं मांस सोलून यायचं. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, दवाखाना चाळीस किलोमीटरवर. रोजची ने-आण जमेना, तेव्हा डॉक्टरांनी कॅल्शियम अल्जिनेटची पट्टी लिहून दिली.

अल्जिनेट म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळातलं पॉलिसॅकराइड, साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. 1881 साली स्टॅनफर्ड नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञानं ते वेगळं काढलं. पट्टी हाताला पिंजलेल्या कापसाच्या लादीसारखी लागते. जखमेच्या पाण्यातलं सोडियम तिच्यात शिरतं, तिच्यातलं कॅल्शियम बाहेर पडतं आणि धाग्यांचा जेल होतो. स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ती पिते.

पहिल्यांदा सोडली तेव्हा माझे हातपाय गळाले. आत पिवळसर-तपकिरी, शेंबडासारखा लिबलिबीत थर, वर उग्र वास. पू झाला म्हणून सिस्टरना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "दादा, आधी सलाईननं धुवा, मग बघा." धुतलं तसं सगळं वाहून गेलं. खाली डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस, रक्ताचा टिपूस नाही. त्या दिवशी आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

पुढे दोन दिवसांआड घरीच बदलू लागलो. खड्ड्यात पट्टी सैल ठेवायची, ठासून भरायची नाही. कोरड्या किंवा काळ्या खपलीच्या जखमेवर तर लावूच नका. मे महिन्यात जखमेचं पाणी कमी झालं तरी मी लावतच राहिलो; ती वाळून चिकटली आणि अर्धा तास भिजवून सोडवावी लागली. चूक माझीच. डॉक्टरांनी लगेच बंद केली.

पट्टी महाग आहे. एका चौकोनाला शेतातल्या बाईच्या दिवसाच्या रोजाइतके पैसे मोजले. आणि जखम हिनंच भरली असं मी म्हणणार नाही. मधुमेहींच्या पायाच्या जखमा अल्जिनेटनं इतर पट्ट्यांपेक्षा लवकर भरतात याला पुरावा नाही, असं कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही म्हटलंय. जखम भरली ती इन्सुलिननं, वेळेवर सडका भाग काढल्यानं आणि पायावर भार न दिल्यानं. पट्टीनं ओल सांभाळली आणि नवं मांस सोलणं थांबवलं. एवढ्यासाठी मी पुन्हा पैसे खर्च करीन.

वाचता वाचता एक गोष्ट कळली, ती डोक्यातून जात नाही. स्युडोमोनास हा जंतूसुद्धा अल्जिनेट तयार करतो आणि आजारी फुफ्फुसात त्याचंच चिकट कवच पांघरून औषधांना दाद देत नाही. उलट प्रशांत महासागराच्या तळाशी, उकळत्या झऱ्यांजवळच्या एका किड्यावर सापडलेल्या जिवाणूचं पॉलिसॅकराइड हाड भरून यावं म्हणून उंदरांवर वापरून पाहिलंय. माणसांच्या दवाखान्यापर्यंत ते यायला वेळ आहे, पण अण्णांसारख्यांसाठी मी त्याकडे आशेनं बघतो.

जुलैत जखम मिटली. आता अण्णा एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळाची, चप्पल घालतात आणि रोज रात्री आई टॉर्च लावून त्यांचे तळवे बघते. दोन पाकिटं उरलीत. गावात कुणी मागितलं की आधी विचारतो, पाणी सुटतंय का, आणि डॉक्टरांना दाखवलंय का.