फुकट विंडो इन्स्पेक्शन: माझे ४,३५० डॉलर गेले

इथं अमेरिकेत दारात "फ्री विंडो इन्स्पेक्शन"वाला उभा राहिला तर दार उघडू नका. लिहायची लाज वाटतेय, पण गप्प बसले तर तो उद्या तुमच्याकडे येईल.

फुकट तपासणीच्या नावाखाली नव्या खिडक्या गळ्यात मारायचा प्रकार. अकरा डबल-हंग (दोन्ही पल्ले वरखाली सरकणाऱ्या) खिडक्यांचे १९,८०० डॉलर सांगितले, "मॅनेजर"ला फोन झाला, आज सही केली तर १३,०५०. एक तृतीयांश आगाऊ. कार्डावर ३ टक्के जादा म्हणाला, म्हणून चेक दिला. १३० डॉलर वाचवले मी!

डाचतंय ते वेगळंच. त्यानं काचेवरच्या वाफेवर बोट फिरवलं, स्वच्छ रेघ उमटली, आणि म्हणाला, "मॅडम, दोन काचांमधला गॅस गेला, कडेचं सील फुटलंय." अहो, बोटानं पुसली गेली म्हणजे वाफ आमच्या बाजूला होती! सील गेलं तर धुकं दोन काचांच्या मधे धरतं, ते पुसता येतच नाही. ती रेघ माझ्या नाकासमोर होती आणि मी मान डोलावत होते.

मग खालचा पल्ला तिरका करून काढला, परत बसवताना पल्ल्याच्या तळाची दांडी (पिव्होट बार) ट्रॅकमधल्या सरकत्या खोबणीच्या (शू) बाहेर ठेवली आणि सोडून दिला. धाडकन खाली. बॅलन्सचा, म्हणजे पल्ल्याचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचा, आधार काढल्यावर कुठलाही पल्ला पडणारच. नंतर एका हँडीमननं स्क्रूड्रायव्हरनं शू जागेवर आणला, पल्ला बसवला, काम संपलं. एकाच खिडकीचे बॅलन्स खरंच गेले होते, जोडी ३८ डॉलरला आली. (बदलायचे तर दोन्ही बाजूंचे बदला, जुन्यावरचा नंबर बघून मागवा.)

मी ऑडिटमध्ये काम करते, न वाचता सही करत नाही. पण टॅबलेटवर नुसता सहीचा चौकोन पुढे केला तर वाचायचं काय? तारीख आठ दिवस आधीची टाकली होती, हे कॉन्ट्रॅक्टची कॉपी मेलवर आल्यावर कळलं. फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानं घरी येऊन केलेला असा सौदा तिसऱ्या वर्किंग डेच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, आणि रद्द करायचा फॉर्म विकणाऱ्यानंच द्यायचा असतो. फॉर्म दिलाच नाही. दुसऱ्या दिवशी रद्द करायला गेले तर उत्तर, मुदत संपली.

पोलीस म्हणाले सिव्हिल मॅटर, म्हणजे गुन्हा नाही, दिवाणी भांडण. बँक म्हणाली चेक तुम्हीच दिलात. ग्राहक तक्रारीच्या ऑफिसनं ढीगभर कागद घेतले, कंपनीला पत्र पाठवलं, कंपनीनं उत्तर दिलं नाही म्हणून माझी फाइल बंद! कॉन्ट्रॅक्टवरचं लायसन्स भलत्याच माणसाचं निघालं. लायसन्स खात्यातली बाई म्हणते, त्याच्याकडे लायसन्सच नाही तर आम्ही रद्द काय करणार? मग तुम्ही बसलाय कशाला? स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) पत्ता लागतो, तर पत्ता निघाला भाड्याच्या मेलबॉक्सचा.

आमचं घर १९६४ चं. १९७८ च्या आधीच्या घरात खिडक्या बदलायच्या तर लेड पेंटमुळे (शिसं असलेला जुना रंग) ईपीएचं, म्हणजे सरकारी पर्यावरण खात्याचं, सर्टिफिकेट असलेलीच कंपनी लागते. यानं साल विचारलंसुद्धा नाही. तुम्ही आधी सर्टिफिकेट मागा, निम्मे तिथेच पळतील.

पल्ला जड झाला तर ट्रॅक साफ करून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. तेल नको, त्यावर धूळ बसते. फ्रेमच्या तळाची बारीक भोकं पाणी जायला असतात, ती "गळती"च्या नावाखाली कुणाला बुजवू देऊ नका.

आणि कालपरवा कुणी सही केली असेल तर आधी कॉपीवरची तारीख बघा. मुदत असेल तर आजच लेखी रद्द करा, सर्टिफाइड मेलनं (पाठवल्याची पावती मिळणारं टपाल). फोनवर ते "हो हो" म्हणतात.