टेसरॅक्ट ५ : सोर्सकोडमधून बसवलेल्या ओसीआर लायब्ररीचे परीक्षण

ओसीआर म्हणजे प्रतिमेतील अक्षरे ओळखणे. स्कॅन केलेल्या मराठी पानातून युनिकोड मजकूर काढून देणाऱ्या मुक्त साधनांत टेसरॅक्टचे नाव मी सर्वांत आधी घेईन. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळांत १९८५ ते १९९४ या काळात ते घडले, २००५ मध्ये त्याचा सोर्सकोड खुला झाला आणि त्यानंतर अनेक वर्षे गूगलच्या पाठबळावर ते वाढले. आपण टर्मिनलवर जो प्रोग्रॅम चालवतो तो केवळ दर्शनी भाग आहे. खरे काम लिबटेसरॅक्ट ही सी प्लस प्लसमधील लायब्ररी करते आणि अपाचे २.० परवान्यामुळे ती कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येते. ही लायब्ररी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर सोर्समधून कम्पाइल करून, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून, बसवणे कितपत सुकर आहे आणि त्या श्रमांचे मराठी वापरकर्त्याला काय फळ मिळते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

तयार पॅकेज असताना हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. उबुंटू २२.०४ मध्ये ४.१.१ ही आवृत्ती मिळते, तर पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. तिच्यात न्यूरल नेटवर्कची आकडेमोड डबल या अधिक अचूक संख्याप्रकाराऐवजी फ्लोट या आटोपशीर प्रकारात होत असल्याने वाचन अधिक वेगाने होते. २४.०४ वापरणाऱ्यांना मात्र ५.३ पॅकेजमधूनच मिळते, आणि त्यांना फक्त पाने वाचून घ्यायची असतील तर त्यांनी सोर्सच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत नवी आवृत्ती हवी असेल, लायब्ररी स्वतःच्या पद्धतीने कॉन्फिगर करायची असेल किंवा तिच्या अंतरंगात हात घालायचा असेल, तर मात्र ही मेहनत सार्थकी लागते.

आज्ञांचा मूळ क्रम जुन्याजाणत्यांच्या ओळखीचा आहे : ऑटोजेन, यंत्रावर काय काय आहे ते तपासणारे कॉन्फिगर, कम्पाइल करणारे मेक, मेक इन्स्टॉल आणि शेवटी नव्या लायब्ररीची नोंद घेणारे एलडीकॉन्फिग. सी प्लस प्लस १७ समजणारा कम्पायलर, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल आणि बसवलेल्या लायब्रऱ्या शोधून देणारे पीकेजी-कॉन्फिग हाताशी असले की टेसरॅक्टचा स्वतःचा कोड विनातक्रार कम्पाइल होतो. कॉन्फिगर संपताना येणारा संदेश मला विशेष आवडला. आयसीयू, पँगो किंवा कैरो या मजकूर हाताळणाऱ्या व रेखाटणाऱ्या लायब्रऱ्यांपैकी काही नसेल, तर मुख्य प्रोग्रॅम बांधता येईल पण अक्षरओळख शिकवणारी प्रशिक्षणाची साधने बांधता येणार नाहीत, हे तो स्वच्छ शब्दांत सांगतो आणि तपशिलासाठी वरचे आउटपुट पाहण्यास सुचवतो. वापरणाऱ्याचा वेळ वाचवणारा असा संदेश प्रत्येक प्रकल्पाने द्यायला हवा.

खरी काळजी घ्यावी लागते ती लेप्टोनिकाबाबत. प्रतिमा उघडणे आणि पानावर प्राथमिक संस्कार करणे ही कामे टेसरॅक्ट या वेगळ्या लायब्ररीवर सोपवते. लेप्टोनिकाही सोर्समधून बांधायची असेल, तर पीएनजी, जेपीईजी आणि टिफ या प्रतिमा-स्वरूपांच्या डेव्ह (कम्पाइल करताना लागणाऱ्या) पॅकेजांशिवाय तिला हात लावू नये. ती पॅकेजे नसली तरी बिल्ड थांबत नाही. त्या स्वरूपांच्या जागी रिकामी फंक्शन्स बसवली जातात, टेसरॅक्टही सुरळीत कम्पाइल होते आणि पहिली पीएनजी फाइल उघडताना मात्र ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ अशी त्रुटी येते. दोष एका लायब्ररीच्या बिल्डमध्ये आणि त्याचा प्रत्यय दुसरीच्या वापरात, अशी ही रचना नवख्याला हमखास चुकीच्या दिशेने शोध घ्यायला लावते. यावर सोपा उपाय आहे : बसवणी झाल्याबरोबर टेसरॅक्टची आवृत्ती विचारणारी आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात लेप्टोनिकाच्या आवृत्तीखाली लिबपीएनजी, लिबजेपीईजी आणि लिबटिफ ही नावे दिसली, तरच पुढे जावे.

दुसरी अडचण भाषेच्या डेटाची. मेक इन्स्टॉल भाषेची फाइल आणत नाही. अक्षरओळखीचे शिकलेले मॉडेल असलेली मराठीची ट्रेन्डडेटा फाइल वेगळी उतरवून यूएसआर-लोकलमधील शेअर फोल्डरात असलेल्या टेसडेटामध्ये ठेवावी लागते, आणि पॅकेजातून आधी आलेली मराठी फाइल वेगळ्या जागी असल्याने नव्या बिल्डला ती आपोआप सापडत नाही. टेसडेटा-प्रीफिक्स या चलाने जागा बदलता येते, पण जुन्या मार्गदर्शिकांत त्यासाठी वरच्या फोल्डरचा पत्ता दिलेला आढळतो. चौथ्या आवृत्तीपासून तो थेट टेसडेटा फोल्डरचाच द्यावा लागतो. शिवाय पीडीएफ किंवा एचओसीआर (शब्दांच्या जागांसह एचटीएमएल) स्वरूपात आउटपुट हवे असेल, तर त्यांच्या कॉन्फिग फाइलीही त्याच ठिकाणी असाव्या लागतात. म्हणून नवा फोल्डर करण्यापेक्षा मूळ टेसडेटामध्येच मराठीची फाइल टाकणे मला श्रेयस्कर वाटते.

भाषेच्या डेटाचे फास्ट (वेगवान) आणि बेस्ट (अधिक अचूक) असे दोन संच वापरून पाहावेत. स्वच्छ ऑफसेट छपाईच्या अलीकडच्या पुस्तकावर फास्ट पुरेसा पडतो आणि वेळही कमी घेतो. मात्र खिळे जुळवून छापलेल्या जुन्या मजकुरावर दोन्ही संच अडखळतात, कारण ही मॉडेले प्रामुख्याने संगणकीय फॉण्टांतून तयार केलेल्या ओळींवर शिकलेली आहेत. निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचे टाइप, शाई पसरल्याने भरून आलेली जोडाक्षरे, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि विशेषतः १९६२ च्या नव्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या लेखनातील व्याकरणिक अनुस्वार येथे नीट तपासावे लागतात. ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ यांवरचा शेवटचा अनुस्वार कधी टिकतो, कधी गळतो. जुन्या ग्रंथाची विश्वासू प्रत करणाऱ्याच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे.

सोर्समधून केलेल्या बिल्डचे खरे मोल मला येथेच जाणवते. प्रशिक्षणाची साधने ‘मेक ट्रेनिंग’ने स्वतंत्रपणे बांधली की बेस्ट संचातील मराठी मॉडेल आपल्याच पुस्तकाच्या ओळींच्या प्रतिमा आणि त्यांचा अचूक टाइप केलेला मजकूर देऊन पुढे शिकवता येते. फास्ट संचातील मॉडेले पूर्णांकांत रूपांतरित केलेली असल्याने त्यांच्यावर हे करता येत नाही. ओळी हाताने टाइप करण्याचे काम कष्टाचे आहे, परंतु एकाच छापखान्याची अनेक पुस्तके डिजिटल करू पाहणाऱ्या ग्रंथालयाने ते आवर्जून करावे.

बसवणी करणाऱ्यांना आणखी एक सुचवावेसे वाटते. बिल्ड झालेला सोर्सचा फोल्डर पुसून टाकू नये. पुढची आवृत्ती बसवण्यापूर्वी ‘मेक अनइन्स्टॉल’ त्यातूनच चालवावे लागते. एकाच यंत्रावर दोन आवृत्त्या हव्या असतील, तर कॉन्फिगरला प्रीफिक्स (बसवण्याची जागा) देऊन नवी आवृत्ती होम फोल्डरात बसवावी, आणि लेप्टोनिकाही तेथेच असेल तर तिची माहिती देणारी पीसी फाइल सापडावी म्हणून पीकेजी-कॉन्फिगचा पाथ आधी जुळवून घ्यावा.