मादागास्करचा नॉटिलस मागवला, दगड अस्सल पण लेबल चुकीचं

मागच्या महिन्यात ऑनलाइन एक पॉलिश केलेलं जीवाश्म मागवलं, साडेतीन हजाराला, तळहातावर मावेल एवढं. लिस्टिंगमध्ये फक्त "अमोनाइट, मादागास्कर" एवढंच. अमोनाइट आणि नॉटिलस हे दोन्ही गुंडाळीसारख्या शंखात राहणारे, ऑक्टोपसच्या नात्यातले समुद्री प्राणी. पॅकिंग एकदम मस्त, कुठे टवका उडालेला नाही. पण हातात घेतल्याघेतल्या कळलं की हा अमोनाइट नाहीच, नॉटिलसच्या कुळातला आहे.

कसं ते सांगते. शंखाच्या आत कप्पे असतात आणि त्यांचे पडदे कवचाला आतून जिथे टेकतात तिथे पॉलिश केल्यावर रेष दिसते, अमोनाइटमध्ये ती कोथिंबिरीच्या पानासारखी कातरलेली असते, याच्यावर मात्र साध्या हलक्या वळणाच्या रेषा आहेत. शिवाय तोंडाकडचा भाग तुटलाय त्यामुळे शेवटचा पडदा उघडा दिसतो, वाटीसारखा खोलगट, आणि जवळपास मधोमध बारीक भोक. तिथून जी नळी जायची तिच्यातूनच हा प्राणी कप्प्यांतलं पाणी काढून शंख हलका ठेवायचा. अमोनाइटची नळी बाहेरच्या कडेला चिकटून जाते. फरक छोटा नाहीये हो, अमोनाइट डायनासोरांच्या सुमारास संपले, नॉटिलसवाले तरले, आजही पॅसिफिकमध्ये जिवंत आहेत!

मादागास्करच्या महाजंगा भागातून येणारे असे नग बहुतेक सायमॅटोसेरास साकालाव्हम नावाने विकतात, क्रिटेशसच्या (डायनासोरांच्या युगाचा शेवटचा कालखंड) अल्बियन नावाच्या टप्प्यातले, म्हणजे १० ते ११ कोटी वर्षं जुने. सायमॅटोसेरास ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) हायट या अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञाने १८८४ मध्ये वेगळी काढली, त्याआधी असे सगळे सरसकट नॉटिलसमध्येच घालायचे, आपल्या तमिळनाडूतल्या क्रिटेशस खडकांतले ब्लॅनफर्ड या इंग्रज भूशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये वर्णन केले तेही. सायमॅटोसेरासची ओळख म्हणजे कवचावरच्या पन्हळी. आणि माझी खरी तक्रार इथेच आहे, चकाकी आणायला पन्हळीच घासून टाकल्यात! बेंबीजवळ (शंखाच्या वेटोळ्याचा मधला खळगा) नखाएवढ्या जागेत चार-पाच उरल्यात, बोट फिरवलं की लागतात, तेवढ्यावरून प्रजाती मी ठरवली. पण त्यातली नेमकी जात (स्पीशीज) ठरवायला पूर्ण कवच लागतं, ते आता कोणालाच जमणार नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवून कळवलं तर "सेमच असतं मॅडम" असं उत्तर आलं, लेबल अजून तेच आहे.

नगासाठी चार स्टार, माहितीसाठी एक. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर बिनधास्त घ्या. अभ्यासाला हवा असेल तर पॉलिश न केलेला मागा आणि ऑर्डर करण्याआधी तुटक्या टोकाचा जवळून फोटो मागवून घ्या.