डीआरपीची (सरकारी योजनेत उद्योजकाला मिळणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीची) मदत घ्यावी का? माझ्या कोकम युनिटचा अनुभव

घरामागची पत्र्याची शेड 2 वर्षं रिकामी उभी होती. 2021 च्या दिवाळीनंतर बांधली, खाली कोबा केला, ओट्यांना फरशी लावली, आणि तिथंच सगळं थांबलं. सिंधुदुर्गात आमची रातांब्याची, म्हणजे कोकमाची, 60 झाडं आहेत. सासूबाई आमसुलं करायच्या, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) काढायच्या, मुंबईकर गणपतीला आले की बाटल्या घेऊन जायचे. त्याचाच नीट उद्योग करायचा असं मी ठरवलं होतं. दर मे महिन्यात सासूबाई शेडकडे बघून विचारायच्या, "यंदा तरी होतला मां?" मला उत्तर देता यायचं नाही.

कोकमाचा हंगाम थांबत नाही. एप्रिल-मे मध्ये फळ उतरतं. साल रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, अशी पुटं देत आमसूल तयार होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला की वाळवण संपलं. म्हणजे युनिटचं एखादं काम 3 आठवडे लांबलं, तरी प्रत्यक्षात अख्खं वर्ष जातं. माझी अशी दोन वर्षं गेली.

मध्ये एका खासगी सल्लागाराला 8,000 रुपये देऊन प्रकल्प अहवाल करून घेतला होता. बँकेत नेला तेव्हा साहेबांनी पान 11 उघडून दाखवलं. कच्च्या मालात टोमॅटो लिहिला होता! दुसऱ्या कुणाचा अहवाल, वर फक्त माझं नाव. त्या दिवशी घरी येऊन मी फाइल कपाटात टाकली ती वर्षभर काढली नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये तालुका कृषी कार्यालयात दुसऱ्याच कामासाठी गेले होते. तिथं पीएमएफएमई योजनेची माहिती मिळाली. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची ही योजना, 2020 साली सुरू झालेली. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, आणि स्वतःचे किमान 10 टक्के. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच योजनेत अर्जदारासोबत चालायला एक माणूस मिळतो, जिल्हा संसाधन व्यक्ती, सगळे डीआरपी म्हणतात, हे मात्र मला माहीत नव्हतं. हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे.

आमचे डीआरपी पहिल्यांदा घरी आले तेव्हा कागद न मागता आधी शेड बघितली. मग झाडं बघितली, किती फळ उतरतं ते विचारलं. यंत्रांच्या यादीत मी ॲल्युमिनियमच्या टाक्या लिहिल्या होत्या, त्या त्यांनी तिथल्या तिथं खोडल्या. कोकमाचा आंबटपणा तो धातू खातो, स्टेनलेस स्टीलच लागेल. अहवाल नव्याने झाला: पल्पर (गर काढायचं यंत्र), स्टीलच्या टाक्या, बाटली भरायचं आणि झाकण लावायचं यंत्र, ड्रायर. एकूण 6 लाख. माझे 60,000, बाकीचं कर्ज, आणि अनुदान 2 लाख 10 हजार. नवीन लोकांसाठी सांगते, हे अनुदान रोख हातात पडत नाही. ते कर्जखात्याशी बांधलेलं राहतं आणि 3 वर्षं खातं नियमित, युनिट चालू असेल तर कर्जात वळतं होतं.

बँकेने कागद तीनदा परत केले. दर वेळी डीआरपी माझ्यासोबत शाखेत बसले. डिसेंबरात कर्ज मंजूर झालं. मी पेढे घेऊन गेले आणि पाकिटात 2,000 रुपये घातले. त्यांनी पेढा घेतला, पाकीट परत केलं. "वहिनी, माझं मानधन सरकार देतं. एका प्रकरणाचे 20,000. अर्धे कर्ज मंजूर झाल्यावर, उरलेले तुमची नोंदणी, परवाना, युनिट सगळं उभं राहिल्यावर. म्हणजे आपलं अर्धंच काम झालंय."

हा नियम ज्याने कुणी केला त्याला उद्योग कुठे अडकतो हे नक्की कळलं होतं. मंजुरीच्या दिवशी घरात लग्नासारखा आनंद असतो, आणि खरी गळती त्याच्यानंतर लागते. त्यानंतरची कामं लहान, कंटाळवाणी आणि एकमेकांत अडकलेली असतात.

त्यांनी शेडच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर तीनच कामं लिहायची, पुढे तारीख. एक पूर्ण झाल्याशिवाय चौथं लिहायचं नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी वीसेक कामं होती, आणि मी रोज सगळ्यांनाच थोडा थोडा हात लावत होते. दर सोमवारी रात्री 8 वाजता फोन यायचा. "कुठवर आलं" असं त्यांनी कधी विचारलं नाही. "कुठलं खोडलं?" एवढंच. पहिल्या दोन सोमवारी माझ्याकडे खोडलेलं काहीच नव्हतं. ते रागावले नाहीत. काम खूप मोठं लिहिलंय, तोडून लिहा म्हणाले. "लेबल" असं लिहिलं होतं, त्याचं झालं "बाटलीवरचा मजकूर कागदावर लिहून मला पाठवणे, गुरुवारपर्यंत". बुधवारीच पाठवला.

ते बरंच झालं, कारण मजकुरात निव्वळ प्रमाण आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका राहून गेला होता. 2,000 लेबलं छापायला जाणार होती! एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर, बॅच, तारीख, किंमत, तक्रारीसाठी पत्ता, सगळं त्यांनी ओळीने तपासलं. उलाढाल तेव्हाच्या 12 लाखांच्या मर्यादेच्या आत होती, त्यामुळे साधी नोंदणी पुरली, तेव्हा वर्षाला 100 रुपये. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) तर फुकट आहे. माझ्या ओळखीच्या एकीने एजंटला त्याचे 1,500 दिले होते.

फेब्रुवारीत मी पुन्हा ढेपाळले. मुलाची दहावी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन सोमवार मी फोनच उचलला नाही. तिसऱ्या सोमवारी ते स्वतः आले, चहा घेतला, आणि कागदावरची दोन कामं खोडून एकच ठेवलं: थ्री फेज विजेचा अर्ज भरणे. "एवढं एकच करा, बाकीचं मार्चमध्ये बघू." तो अर्ज त्या दिवशी गेला नसता तर यंत्रं येऊन मे महिना संपेपर्यंत पडून राहिली असती. यंत्रं 22 मार्चला आली, वीज 19 एप्रिलला.

2 मे 2024 ला पहिली बॅच भरली. 700 मिलीच्या 140 बाटल्या आगळ. पहिली बाटली सासूबाईंनी हातात घेतली, उजेडात धरून रंग बघितला, आणि तशीच देवासमोर नेऊन ठेवली.

आता जे मिळत नाही ते. डीआरपी माल विकून देत नाही. युनिट चालू झालं की त्यांचं काम संपतं, आणि बाजारपेठ शोधणं ही पुढची लढाई एकटीची आहे. मला तिथं फार एकटं वाटलं. या योजनेत विक्रीसाठीही असाच सोमवारचा फोन असावा, असं मनापासून वाटतं. त्यांच्याकडे प्रकरणं बरीच असतात, त्यामुळे भेटीची वेळ मागेपुढे होते. आणि "काहीतरी करायचंय" एवढंच मनात असेल तर त्यांना बोलावू नका. काय बनवणार, कच्चा माल कुठून, जागा कुठे, एवढं ठरलेलं असेल तर त्यांचा खरा उपयोग होतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण विक्रीचा.

योजनेची मुदत 2025-26 पर्यंत वाढवलेली होती, तेव्हा आधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात सध्या काय चालू आहे ते विचारून घ्या. डीआरपीचा नंबर तिथंच मिळेल. जाताना जागेचा उतारा, आधार, पॅन, बँकेचं 6 महिन्यांचं स्टेटमेंट आणि जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याची यंत्रांची कोटेशन्स न्या. आणि पहिल्याच भेटीत त्यांना तुमची जागा बघायला या म्हणा. अडकलेली शेड असेल तर लाजू नका, तीच आधी दाखवा.