सात महिने, एक डीबी आणि झाकणातलं भोक

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाचला आई उटणं लावून पाटावर बसली होती आणि अख्ख्या घराची लाइट गेली. शेजारी कंदील झगमगतायत, आमच्याकडेच काळोख. त्या क्षणी मी या डीबीला, म्हणजे घरातल्या नव्या वीजपेटीला, शून्य तारे दिले होते. आता डिसेंबर चालू आहे आणि मत बरंच बदललंय. एका बाबतीत नाही बदललं, ते सांगणारच आहे.

घर साताऱ्यातलं, 1988 चं. लाकडी फळीवर चार किटकॅट, म्हणजे तार बदलायचे जुने फ्यूज. गीझर आल्यावर एकपदरी तार टिकेना, म्हणून वडील तीन पदर पिळून लावायचे. फ्यूज परत कधी गेला नाही. गेला तो सॉकेट: तपकिरी पडला आणि बाथरूमबाहेर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. दोन किलोवॉटचा गीझर फार तर नऊ अँपिअर ओढतो. वडिलांच्या त्या तीनपदरी तारेला त्याहून कितीतरी जास्त चाललं असतं, वायर पेटेपर्यंत.

म्हणून मे महिन्यात आठ वेचा (आठ जागांचा) डबल डोअर बॉक्स, 40 अँपिअरचा आयसोलेटर (मेन स्विच), 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सगळं बंद करणारा) आणि पाच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) घेतले. मजुरीसकट साडेदहा हजार. वायरमनकाका म्हणाले होते, "दादा, गीझरला वेगळा आरसीबीओ टाकू." म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकातच. मी दोन हजार वाचवले.

आता भोक. आयसोलेटरची जागा वेगळी. आठ जागांपैकी आरसीसीबीने दोन घेतल्या, एमसीबींनी पाच. उरली एक. झाकणात तेवढी बोटभर फट, आणि आत बसबार (सगळ्या एमसीबींना वीज देणारी पट्टी) जिवंत! ती बुजवायला प्लास्टिकची टिकली येते, रुपयादोन रुपयांची असेल. दुकानदार म्हणाला, "सुटी येत नाही, बॉक्ससोबत येते." माझ्या बॉक्ससोबत आली नव्हती. तीन खेपा घातल्या. शेवटी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावला. पावसाळ्यात चिकटपट्टी सुटायची आणि मी रात्री टॉर्च घेऊन पाल शिरली का बघायचो. साडेदहा हजारांच्या सुरक्षेला बुंदीच्या खोक्याचं ठिगळ.

बाकी पहिला ट्रिप खुद्द काकांनीच केला. अर्थिंग बघायला सवयीने शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला, खट्कन सगळं बंद. बल्बातून चारशेच्या वर मिलीअँपिअर अर्थला जातात, आरसीसीबी तिसालाच पडतो. त्याच आठवड्यात इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला जोडलेला सापडला. तो वेगळा केल्यावर शांतता. जूनमध्ये गच्चीवरच्या होल्डरमध्ये पाणी गेलं, तेव्हाही पडला. ते बरोबरच होतं.

खरा छळ गणपतीनंतर सुरू झाला. मिक्सर लावला की कधीतरी ट्रिप. मिक्सर दाखवून आणला, चांगला निघाला. मग इस्त्रीवर संशय. सगळे एमसीबी पाडून एकेक चढवायचा नेहमीचा उपाय केला, तर गीझरचा एमसीबी खाली असतानाही ट्रिप. म्हणजे गीझर निर्दोष, असं मी जाहीर केलं आणि आरसीसीबीच सदोष म्हणून दुकानात भांडून आलो. दुकानदाराने बदलून दिला नाही, याबद्दल आज त्याचे आभार.

पाडव्याला काका आले. त्यांनी एमसीबीला हातही लावला नाही, गीझरचा प्लग उपटला. इस्त्री, मिक्सर, ओव्हन एकदम लावलं, काही झालं नाही. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी गीझरचं एलिमेंट न्यूट्रलच्या टोकाकडे फुटलं होतं. घरात लोड आला की न्यूट्रलवरचा थोडा करंट त्या फटीतून पाण्यात आणि अर्थला जायचा. फट वाढत गेली आणि दिवाळीत गीझर चालू करताच पडायला लागला. एलिमेंट हातात घेतलं तर चुनखडीचा खडा, मधोमध केसाएवढी चीर.

आई त्या पाण्याने महिनाभर अंघोळ करत होती. अर्थिंग धड होतं म्हणून बरं. किटकॅटला यातलं काहीच कळलं नसतं. एवढासा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो.

तेव्हा आरसीसीबीला पैकीच्या पैकी. तक्रार एवढीच की तो एकटाच असल्यामुळे गीझरच्या दुखण्यापायी फ्रिजसुद्धा बंद पडतो. मग मे महिन्यात वाचवलेले दोन हजार नोव्हेंबरमध्ये अडीच होऊन गेले: गीझरला डबल पोल आरसीबीओ बसवला, तोही आरसीसीबीच्या आधीच्या सप्लायवर. त्याच्यानंतर जोडला असता तर दोघेही 30 मिलीअँपिअरचेच, एकदम पडले असते. वर काका "ट्रिप नको तर 32 अँपिअरचा एमसीबी टाका" म्हणणाऱ्यातले नाहीत, हे माझं नशीब.

आरसीबीओ दोन जागांचा. एक गीझरच्या जुन्या एमसीबीची, दुसरी ती रिकामी. भोक बुजलं, पुठ्ठा काढला. गेल्या सोमवारी बल्ब आणायला गेलो तर दुकानदाराने गल्ल्यातून टिकली काढून हातावर ठेवली, "तुमची आली बघा." पैसे घेतले नाहीत.