आवाज गेला की घालवला? साताऱ्यातील माडीवरचे भयपट

साताऱ्याच्या जुन्या पेठेतील एका वाड्याच्या माडीवर गेले तीन महिने, दुसऱ्या शनिवारी रात्री साडेनऊ वाजता, कमी खर्चात काढलेल्या विक्षिप्त भयपटांचा खेळ लावला जातो. तिकीट शंभर रुपये, त्यात मध्यंतराचा चहा आला. पुढे सतरंज्या आणि मागे वीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एवढीच आसनव्यवस्था आहे. तिन्ही खेळ पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

सर्वांत उत्तम निवड दुसऱ्या महिन्याची होती: १९६२ सालचा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढण्याची नोकरी करणाऱ्या हर्क हार्वी यांना प्रवासात ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी ‘सॉल्टएअर’ नावाचा ओसाड पडलेला करमणूक-मंडप दिसला. त्याच्याभोवती कथा लिहवून घेऊन त्यांनी कामावरून रजा काढली आणि सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये हा चित्रपट उरकला. नायिकेच्या मागे लागलेला पांढरा फटफटीत माणूसही त्यांनी स्वतःच रंगवला. काही ठिकाणी ओठ आणि शब्द जुळत नाहीत, काही नट पाठ केलेले म्हणून दाखवल्यासारखे बोलतात. तरीही पुलावरून नदीत पडलेल्या गाडीतून एकटीच वर आलेली ती ऑर्गनवादक तरुणी चकवा लागल्यासारखी पुन्हा पुन्हा त्या मंडपाकडे ओढली जाते, तेव्हा माडीवर कोणी हसत नव्हते.

नायिका दुकानात नवा पोशाख घालून पाहते, कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येते आणि भोवतालचा सगळा आवाज नाहीसा झालेला असतो. विक्रेतीला ती दिसतही नाही. त्या क्षणी मागच्या रांगेतील एक गृहस्थ उठून स्पीकरची वायर हलवू लागले. त्यांना दोष देता येणार नाही, कारण पहिल्या अर्ध्या तासात तो स्पीकर खरोखरच दोनदा बंद पडला होता. पुढे बागेत पक्ष्याच्या किलबिलाटाबरोबर आवाज परतला, तेव्हा ते ओशाळून खाली बसले. पण या चित्रपटांची खरी मोहिनी नेमकी त्या गृहस्थांच्या गोंधळात सापडते. मोठ्या खर्चाच्या भयपटात प्रत्येक दचका मोजूनमापून ठेवलेला असतो आणि आपण कोणा जाणत्याच्या हाती सुरक्षित आहोत, हे प्रेक्षकाला आतून ठाऊक असते. इथे मात्र चूक कुठली आणि योजना कुठली, याचा थांग लागत नाही. त्यामुळे पुढच्या क्षणी काहीही होऊ शकते, असे सतत वाटत राहते.

पहिल्या महिन्यातील ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) याच्याबद्दल मात्र तक्रार आहे. वितरणाच्या वेळी नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि हा चित्रपट सर्वांना खुला झाला. त्यामुळे त्याच्या बऱ्यावाईट प्रती हव्या तितक्या मिळतात. संयोजकांनी त्यातली धूसर प्रत उचलली होती. रक्त म्हणून वापरलेले चॉकलेटचे सरबत कृष्णधवल चित्रात खपून जाते, पण चेहरेच ओळखू येईनात त्याला काय करावे?

तिसरा खेळ घरचाच म्हणावा लागेल. रामसे कुटुंबाचा १९७२ सालचा ‘दो गज ज़मीन के नीचे’ आपल्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला चित्रित झाला. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन ही कामे भावाभावांनीच वाटून घेतली होती. गाणी लांबतात, पण धुक्याला भाडे द्यावे लागत नाही, हे या मंडळींना बरोबर उमगले होते.

संयोजक विषयाचे जाणकार आहेत, परंतु प्रास्ताविक वीस मिनिटे चालते, आणि दुसऱ्या खेळाआधी तर त्यांनी चित्रपटाचा शेवटही सांगून टाकला. हे बोलणे खेळानंतर ठेवावे, एवढी विनंती मी त्यांना केली आहे. इंग्रजी उपशीर्षके आहेत, मात्र खुर्चीवरून ती पुढच्यांच्या डोक्यांआड जातात. म्हणून सतरंजीवर बसावे आणि पाठीला उशी घरून न्यावी. जिन्यात दिवा नाही, पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, त्यामुळे उतरताना टॉर्च जवळ असू द्यावा. पाचपैकी साडेतीन गुण. स्पीकर बदलला तर चार.